सळईच्या रेषेतली भेग

दादरच्या चौपाटीपासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका चार मजली सोसायटीत गेल्या उन्हाळ्यात मला बोलावलं होतं. इमारत १९८४ची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी स्वयंपाकघरात नेलं आणि बीमकडे बोट दाखवलं. बीमच्या खालच्या कडेला एक भेग होती, पट्टी धरून आखावी तशी सरळ, जवळजवळ दीड मीटर लांब. मधे एका ठिकाणी तिच्यातून विटकरी ओघळ उतरला होता. "तीन वर्षांपूर्वीच बुजवून घेतली होती हो, वर रंगही काढला. पुन्हा तिथंच आली. माल हलका वापरला असणार," काकू म्हणाल्या.

माल हलका नव्हता. भेग पाडणारी गोष्ट बीमच्या पोटात होती आणि वरून पुट्टी भरल्यावरही तिचं काम चालूच राहिलं होतं. किनारपट्टीवरच्या इमारतींच्या दुरुस्तीत लोकांचे कष्टाचे पैसे पाण्यात जातात, ते बहुतेक वेळा इथेच. भेग हेच दुखणं समजून आपण तिच्यावर उपचार करतो. म्हणून ही भेग आतून कशी तयार होते आणि ती खरोखर बरी करायची तर काय काय करावं लागतं, हे या बीमच्याच आधाराने सांगतो.

आधी भेग वाचायला शिकलं पाहिजे. भिंतीवर जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात; गिलावा वाळताना आकसला, एवढाच त्यांचा अर्थ. वीटकाम आणि बीम जिथे भेटतात तिथली आडवी भेग दोन वेगळ्या वस्तू उन्हात वेगवेगळ्या प्रसरण पावल्यामुळे पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेगही बहुतेक वेळा भिंतीपुरती असते. पण बीमच्या टोकाशी, कॉलमजवळ, बीमच्याच अंगावर तिरकी भेग दिसली तर वाट पाहू नये, त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. तिथे भार पेलण्याचाच प्रश्न असतो. आणि काकूंच्या बीमवर होती तशी, सळईच्या बरोबर समांतर धावणारी सरळ भेग म्हणजे गंज. सळई जिथे आहे तिथेच ती उमटते. कॉलमला ती कोपऱ्यातून उभी जाते, स्लॅबला खालून चौकटी आखल्यासारखी दिसते.

दुसरी परीक्षा कानाची. लहान हातोडीने बीमवर हलके ठोके मारत जायचं. काँक्रीट एकसंध असेल तिथे टणटणीत आवाज येतो. आत थर सुटलेला असेल तिथे आवाज बद्द होतो, पिकलेल्या कलिंगडावर टिचकी मारावी तसा. बद्द आवाजाची हद्द खडूने आखत गेलो तेव्हा काकूंच्या बीमवर दीड मीटरच्या भेगेभोवती सव्वादोन मीटरचा पट्टा निघाला. डोळ्यांना दिसत होतं त्यापेक्षा बरंच जास्त काँक्रीट सळईपासून सुटलेलं होतं.

आता आत काय घडतं ते पाहू. उघड्यावर ठेवलेली सळई एका पावसाळ्यात तांबडी होते, मग काँक्रीटमध्ये ती पन्नास वर्षं कशी टिकते? सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून भरपूर चुना तयार होतो, आणि काँक्रीटच्या बारीक छिद्रांतलं पाणी अतिशय अल्कधर्मी राहतं. त्याचा पीएच १२.५च्या वर असतो. अशा पाण्यात लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म, घट्ट पापुद्रा धरतो. तो आहे तोवर पाणी आणि प्राणवायू दोन्ही हजर असूनही गंज जवळजवळ थांबलेला असतो. सळईचं खरं कवच हा पापुद्रा. तिच्यावरचं काँक्रीट, म्हणजे कव्हर, त्या पापुद्र्याला सांभाळतं.

हा पापुद्रा दोन वाटांनी मोडतो. पहिली वाट हवेची. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि त्याचा खडू करून टाकतो. चुना संपला की पीएच ९च्या खाली उतरतो आणि पापुद्रा विरतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ते बाहेरून आत एखाद्या आघाडीसारखं सरकत येतं, आणि ते चक्क डोळ्यांनी पाहता येतं. आम्ही बीमचा एक तुकडा फोडला आणि ताज्या तुटलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल-अल्क ओळखायला वापरतो तेच हे द्रावण. आतला भाग क्षणात जांभळट गुलाबी झाला. बाहेरचा पट्टा करडाच राहिला. पट्टी लावली: २८ मिमी. आणि सळई होती पृष्ठभागापासून २० मिमीवर. म्हणजे आघाडी सळईला ओलांडून पुढे गेली होती. काकू स्टुलावर चढून ते बघत होत्या. "म्हणजे गुलाबी ते चांगलं?" त्यांनी विचारलं. हो, गुलाबी ते चांगलं.

या आघाडीचा वेग समजून घेण्यासारखा आहे, कारण कव्हरचं सगळं महत्त्व त्यात आहे. कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा एखाद्या काँक्रीटमध्ये ते १५ मिमी आत जायला १४ वर्षं लागली, तर त्याच काँक्रीटमध्ये ३० मिमी जायला २८ नव्हे, ५६ वर्षं लागतात. कव्हर दुप्पट केलं की आयुष्य चौपट. उलट, बांधताना सळई निम्म्याने खाली सरकली तर चार हिश्श्यांतले तीन हिस्से आयुष्य त्याच दिवशी गेलं. १९७८च्या आयएस ४५६ या भारतीय मानकात स्लॅबला किमान १५ मिमी कव्हर पुरे मानलं होतं. २००० सालच्या आवृत्तीने किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला ४५ मिमी आणि किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट सांगितलं. मुंबईतल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इतक्या इमारती एकाच सुमारास का कुरकुरू लागल्या, याचं एक मोठं कारण या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. त्यात त्या काळी पीळ दिलेलं टॉर स्टील वापरात होतं, आणि थंड अवस्थेत पिळलेली ती सळई गंजाला अधिक लवकर बळी पडते.

दुसरी वाट मिठाची. समुद्रावरून येणारी खारी हवा, बांधताना वापरलेली खाडीची न धुतलेली रेती, विहिरीचं मचूळ पाणी, यांतून क्लोराइड काँक्रीटमध्ये येतं. क्लोराइडला पीएच खाली यायची वाट पाहावी लागत नाही. भरपूर चुना असतानाही ते पापुद्र्याला एखाद्या जागी भोक पाडतं आणि तिथे सळईत खोल खड्डा करत जातं. कार्बोनेशनचा गंज सळईला अंगभर चाटतो. मिठाचा गंज एका ठिकाणी चावतो, म्हणून तो जास्त धोक्याचा. बाहेर डाग न दिसताही आत सळई एका जागी निम्मी झालेली असू शकते.

पापुद्रा गेल्यावर सळईच्या अंगावर टॉर्चच्या सेलसारखा एक छोटा विद्युतघट तयार होतो. एका जागी लोखंड विरघळतं, शेजारच्या जागी पाणी आणि प्राणवायू त्या क्रियेला पूर्ण करतात, आणि मधलं ओलसर काँक्रीट जोडतारेचं काम करतं. या घटाला पाणीही लागतं आणि प्राणवायूही. म्हणून कोरड्या खोलीतल्या बीममध्ये कार्बोनेशन सळईपर्यंत पोचूनही वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि खाडीपुलाच्या खांबाचा कायम बुडालेला भागही बरा राहतो. फुटतो तो शिंतोड्यांचा पट्टा, जिथे ओल आणि हवा आळीपाळीने मिळते. काकूंच्या बीमच्या वर नेमकं चौथ्या मजल्याचं न्हाणीघर होतं.

गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. काँक्रीट दाब सोसण्यात पहिलवान आहे, ताण सोसण्यात अगदीच लेचंपेचं. सळई आतून फुगू लागली की कव्हर ताणलं जातं, आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी लोखंड गंजलेलं असताना ते फुटतं. ही एका अर्थी दिलाशाची गोष्ट आहे: भेग दिसते तेव्हा सळईचा बहुतेक भाग अजून शाबूत असतो. पण त्याच भेगेतून पाणी आणि हवा थेट आत जाऊ लागतात, आणि मग गंजाचा वेग वाढतो. पुट्टी भरून तीन वर्षं काढली ती नेमकी या काळातली.

दुर्लक्ष किती महागात पडतं हे गोव्याने पाहिलं आहे. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७०च्या सुमारास खुला झाला आणि ५ जुलै १९८६ला कोसळला. खाऱ्या हवेत आतल्या पोलादाला लागलेल्या गंजाने त्याला विशीही गाठू दिली नाही.

इमारतीवर अशी वेळ येऊ नये म्हणून तपासणी असते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. मुंबईत त्यावरून इमारतीला सी-१ पासून सी-३ पर्यंत वर्ग दिला जातो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. ऑडिट म्हणजे नुसते फोटो काढून नेणं नव्हे. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, अल्ट्रासोनिक चाचणी आतली पोकळी सांगते. गंजासाठी मात्र हाफ-सेल चाचणीच हवी: सळईला एक तार जोडायची, काँक्रीटवर तांब्याच्या इलेक्ट्रोडचं टोक टेकवायचं आणि विभवांतर मोजायचं. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या कॉलममध्येही हा आकडा बोलतो. सोसायटीच्या सभासदांनी अहवालात या चाचणीचा नकाशा मागून घ्यावा, तो त्यांचा हक्क आहे.

आता दुरुस्ती. पहिलं काम बीमला हात लावायचं नाहीच, ते वरच्या मजल्यावरचं. न्हाणीघरातल्या पाइपांचे सांधे आणि जाळीची कड गळत होती. ते पाणी बंद केल्याशिवाय खाली केलेलं कुठलंही काम टिकलं नसतं. गच्चीच्या गळतीबाबत एक इशारा इथेच देतो. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवत जाण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. १०० मिमी जाडीचा विटांचा कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. असे दोन थर म्हणजे ज्या स्लॅबच्या सळया गंजल्यात त्याच्याच डोक्यावर मूळ हिशेबात नसलेलं ओझं. जुना काढूनच नवा घालायचा.

मग टेकू. बीमखाली लोखंडी प्रॉप लावले, पण फक्त तिसऱ्या मजल्यावर लावून भागत नाही. तसं केलं तर सगळा भार दुसऱ्या मजल्याच्या छतावर उतरतो. टेकूखाली टेकू असे थेट जमिनीपर्यंत नेले. खालच्या दोन्ही घरांनी महिनाभर अडचण सोसली.

त्यानंतरचं काम सगळ्यात धुळीचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: फोडकाम. बद्द आवाजाच्या खडूरेषेबाहेर थोडं जाऊन ग्राइंडरने १० मिमी खोल सरळ चौकट कापून घ्यायची, म्हणजे नव्या मालाची कड पातळ पापडासारखी संपत नाही. मग चौकटीच्या आतलं काँक्रीट छन्नीने काढायचं, आणि सळई दिसली की थांबायचं नाही. सळईच्या मागे बोट फिरेल इतकी, निदान २० मिमी, जागा करायची. बहुतेक कंत्राटदार इथे हात आखडता घेतात. सळईचा पुढचा भाग घासून चकचकीत करतात, पाठ तशीच गंजलेली आणि कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटमध्ये रुतलेली राहते. दोन पावसाळ्यांत ती पाठ फुगते आणि नवं कव्हर अख्खं ढकलून देते. तुमच्या घरी काम चालू असेल तर माल भरण्याआधी एकदा सळईमागे बोट घालून बघा.

उघडी सळई वायर ब्रशने किंवा वाळूच्या फवाऱ्याने साफ केल्यावर व्हर्नियर लावून जाडी मोजतात. इथे गणित फसवं आहे. काकूंच्या बीमची रिंग, म्हणजे मुख्य सळयांना वेढणारी सळई, ८ मिमीची होती, मोजली तर एका जागी ७ निघाली. एक मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटतं, पण क्षेत्रफळ ५० चौरस मिमीवरून ३८.५वर आलेलं असतं. चौथा हिस्सा ताकद गेली. ६ भरली असती तर निम्म्याच्या जवळपास. पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतकी घट झाली की जुन्या सळईच्या जोडीला नवी सळई घालायची, आणि ती निरोगी भागावर दोन्हीकडे व्यासाच्या चाळीस-पन्नास पट लांब न्यायची, नाहीतर ती नुसती शोभेची.

यानंतर सळईला झिंकयुक्त किंवा पॉलिमर-सिमेंटचा लेप, जुन्या काँक्रीटला पाणी पाजून वरून कोरडं झाल्यावर बाँडिंगचा थर, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर. मिस्त्री ते थापीने मारत नाहीत, हाताने दाबून सळईमागे कोंबतात, एका वेळी १०-१२ मिमीचा थर. ५० मिमीहून खोल खड्ड्याला किंवा कॉलमला फर्मा बांधून मायक्रोकाँक्रीट ओतावं. ते पाण्यासारखं वाहतं आणि कोपरे आपोआप भरतं.

एवढं सगळं करूनही कधीकधी ठिगळाच्या शेजारीच नवी भेग उगवते. मघाचा तो घट आठवा. जी जागा गंजत होती ती स्वतः विरघळून आजूबाजूच्या सळईला वाचवत होती. ती जागा आपण स्वच्छ करून ताज्या, अल्कधर्मी मालात गुंडाळली, आणि खारट जुन्या काँक्रीटमध्ये उरलेल्या शेजारणीवर विरघळण्याची पाळी आली. मिठाने बाधलेल्या इमारतींत याची फार काळजी घ्यावी लागते. त्यावर उपाय म्हणून ठिगळाच्या कडेला सळईला जस्ताच्या छोट्या टिकल्या तारेने बांधतात. जस्त लोखंडापेक्षा सहज विरघळतं, म्हणून सळईऐवजी ते झिजतं. १८२४ साली हंफ्री डेव्हीने लढाऊ जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला वाचवण्यासाठी जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले होते, तत्त्व तेच.

इपॉक्सी इंजेक्शनचा उल्लेख लोक फार करतात, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. पातळ इपॉक्सी भेगेत दाबाने भरली की तुटलेले दोन भाग पुन्हा सांधले जातात, पण भेग कोरडी आणि थांबलेली हवी. ती थांबली आहे का हे पाहण्याची जुनी सोपी रीत म्हणजे भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवायची. भेग हलली की काच तडकते. नॉझल भेगेवर ओळीने बसवून तळापासून भरत जातात, वरच्या नॉझलमधून इपॉक्सी डोकावली की खालचं बंद. पाझरत्या भेगेत फुगणारं पॉलियुरेथेन भरतात. सळईच्या गंजाने पडलेल्या भेगेत मात्र यांपैकी काहीही भरण्यात अर्थ नाही. आत गंज फुगतच राहणार. त्याच न्यायाने, गंजलेल्या स्लॅबखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग लावणं म्हणजे तर दुखणं झाकून ठेवणं. वर्षानुवर्षं कुणी छताकडे बघतच नाही.

नव्या बांधकामात हे सगळं टाळायला लागणाऱ्या गोष्टी स्वस्त आहेत, म्हणून त्या होत नाहीत याचं जास्त वाईट वाटतं. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, हे एम-३०च्या कामाचं प्रमाण: ०.४५. माल जरा सैल करायला मिक्सरमध्ये दहा लिटरची एक बादली जास्त ओतली की ते ०.६५ होतं. सिमेंटला न लागलेलं ते पाणी पुढे उडून जातं आणि जाताना छिद्रांचं जाळं सोडून जातं, ज्यातून पुढची चाळीस वर्षं हवा आणि मीठ आत येतं. तीच गोष्ट पाणी मारण्याची. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राखमिश्रित किंवा स्लॅगच्या सिमेंटला दहा. किनाऱ्यावर स्लॅगचं सिमेंट वापरावंच, मिठाला ते जास्त अडवतं. पण त्याला पाण्याची घाई चालत नाही. कव्हरचा थर सगळ्यात बाहेर असल्याने सगळ्यात आधी वाळतो. पाणी कमी पडलं तर तोच कच्चा राहतो. दर पाच-सहा वर्षांनी बाहेरून चांगला रंग काढणं, छज्ज्यातल्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढणं, हेही त्यातच आलं.

काकूंच्या बीमबरोबर तळमजल्याचे दोन कॉलमही घेतले होते. जुन्या कॉलमभोवती नव्या सळया उभ्या करून रिंगा बांधून झाल्या, आणि फर्मा लागण्याआधी मी टेप घेऊन खाली बसलो. रिंगेच्या बाहेरून फर्म्याच्या रेषेपर्यंत: ४०, ४२, ३९. मागच्या कोपऱ्यात, जिथे मीटरच्या पेटीमुळे हात पोचत नव्हता, तिथे २२. कव्हर ब्लॉक सुटून खाली पडला होता. मिस्त्रींनी पेटीवाल्या बाजूने हात घातला, सिमेंटचा नवा ब्लॉक रिंगेला तारेने दोनदा पिळून बांधला, आणि टेप माझ्याकडून घेऊन स्वतः मोजलं. चाळीस भरल्यावर फर्मा उचलला.